मोठ्या पोटाची डिस्क

कात्रीमास्तर हे नाव त्यांना वाचनालयानं दिलं होतं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी तिथे पुस्तकं बोलकी करत. कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, ते संगणकात साठवायचं, आणि मग मास्तरांनी त्यातलं नको ते कापायचं. खोकला आला, काप. पान सळसळलं, काप. मागे दार वाजलं, वाचणाऱ्यानं आवंढा गिळला, शब्द चुकून पुन्हा घेतला, काप. आणि सांधा असा बसवायचा की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. मास्तरांनी कापलेलं पुस्तक ऐकलं की वाटायचं, वाचणाऱ्याला देवानं फुप्फुसं दिलीच नाहीत, नुसता गळा दिलाय.

आणि तो गळा बहुतेक वेळा त्यांच्या बायकोचाच असायचा. अठरा वर्षं बाईंनी घरातल्या मागच्या खोलीत बसून वाचलं. भिंतींना जुनी ब्लँकेटं टांगलेली, पंखा बंद, घामाच्या धारा, आणि पुढ्यात पुस्तक. तीनशे बारा पुस्तकं झाली होती. ओळखपाळख नसलेली माणसं वाचनालयात फोन करून म्हणायची, त्या बाईंना सांगा, आजारपणाचं वर्ष त्यांच्या आवाजावर काढलं.

त्याच बाईंच्या घशात गाठ निघाली. देवाच्या मनात काय असतं ते देवच जाणे. माणसानं विचारायला जावं तर उत्तर यायच्या आत पुढचं काम समोर उभं असतं.

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं ते असं. गाठ वाईट आहे, स्वरयंत्रासकट काढावी लागेल, शनिवारी सकाळी. जीव वाचेल. बोलणं मात्र राहणार नाही. मास्तरांनी मान डोलावली. कुणी दोन वाक्यं बोललं की त्यांच्यामधला सांधा शोधायची त्यांना खोड होती. 'जीव वाचेल' आणि 'बोलणं राहणार नाही' यांच्यामध्ये कात्री कुठे घालावी ते त्यांना कळेना.

शेजारच्या खोलीत एक वाचातज्ज्ञ बसायची. चष्मा केसांत खोचलेली, हातात सतत पेन. तिनं दोघांना बसवून समजावलं. ऑपरेशननंतर एक लहानसं यंत्र मिळतं, त्यावर अक्षरं दाबली की ते बोलतं. एरवी त्यात कारखान्यातला तयार आवाज असतो, हजारो माणसांच्या तोंडी तोच. पण माणसाचं जुनं बोलणं साठवलेलं असेल तर त्यावरून त्याचा स्वतःचा आवाज बनवता येतो. रुग्णालयाच्या वाट्याला असे आवाज वर्षाला मोजकेच यायचे. या वर्षीचा एक उरला होता, आणि यादी शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. आता नव्यानं वाचून घ्यावं तर बाईंच्या घशातून तीन महिन्यांपासून नुसती खरखरीत हवा येत होती. फोनमध्ये असतात तसले तुकडेही चालणार नव्हते. चांगल्या माइकवर घेतलेलं काही आहे का, असं तिनं विचारलं.

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसले. म्हणाले, अठरा वर्षांचं आहे.

घरी येऊन त्यांनी संगणक सुरू केला. त्या संगणकाला उठायला वीस मिनिटं लागत. मास्तर बटण दाबायचे, दाढी करायचे, कपडे घडी करून ठेवायचे, मग येऊन बघायचे तर पडद्यावर अजून ते गोल चक्र फिरत असायचं. दोन वर्षांपासून नवी वेगवान डिस्क घ्यायचं चाललं होतं. बाई म्हणायच्या, तुम्ही आणि तुमचा संगणक, दोघांना उठवायला सारखाच वेळ लागतो. त्या दिवशी मात्र चक्र थांबलं आणि पेटीच्या आतून आवाज यायला लागला. टिक. टिक. मग जरा उसंत, पुन्हा टिक. मास्तरांच्या कानाला कुठला आवाज कशाचा ते सांगावं लागत नसे. त्यांनी तत्काळ वायर उपटली आणि दोन्ही हात पेटीवर ठेवून उभे राहिले. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावेत तसे.

मंगळवारी सकाळी पेटी पिशवीत घालून त्यांनी संगणक दुरुस्तीचं दुकान गाठलं. जिन्याखालची अरुंद जागा, तीन भिंतींना खोकीच खोकी, मधोमध दुकानवाली. तिनं पेटी उघडली, जुनी डिस्क सोडवून आपल्या यंत्राला लावली, पडद्यावरच्या लाल ओळी वाचल्या, आणि काही न बोलता ती पुन्हा काढून मऊ कापडावर ठेवली. त्या कापडावरूनच मास्तर काय ते समजले.

मग तिनं काउंटरवर दोन नव्या डिस्का मांडल्या. एक बोटभर रुंद, पातळ, हातात घेतली तर वजनच लागू नये अशी. दुसरी साबणाच्या मोठ्या वडीएवढी, जड.

"काका, ही पळणारी," ती पातळ डिस्कवर बोट ठेवून म्हणाली. "तुमचा संगणक डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उठेल. पण पोट लहान, तुमच्याकडे आहे त्यातलं जेमतेम पाव मावेल. आणि ही मोठ्या पोटाची. सगळं मावेल, वर तितकंच आणखी मावेल. पण चाल बैलगाडीची. तुमच्या पेटीत खण एकच आहे, म्हणून दोन्हींतली एक सांगा."

मास्तरांनी पळणारीवर हात ठेवला. त्यांचा हिशेब सरळ होता. जुनी डिस्क मरायला टेकलीय, शनिवार तोंडावर आलाय, तर जी भरभर ओढून घेईल ती घ्यावी. घराला आग लागली तर माणूस धावणाऱ्यालाच आत पाठवील ना?

दुकानवालीनं मान हलवली. "घेणारी कितीही पळाली तरी देणारी म्हातारी आहे, काका. तिच्या चालीनंच येणार. खरा प्रश्न वेगळा आहे. हिच्यात दम किती उरलाय ते मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. थोडंच काढायचं असेल तर एका दिवसात निघेल, जवळजवळ खात्रीनं. सगळं काढायचं तर तीन दिवस, अडखळत अडखळत, आणि मध्येच गेली तर गेली. काय थोडं आणि काय सगळं, ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

ते मास्तरांना चांगलंच ठाऊक होतं. थोडं म्हणजे कापून स्वच्छ केलेली तीनशे बारा पुस्तकं. ती पळणारीत आरामात मावत होती. सगळं म्हणजे त्यांच्याबरोबरच न कापलेलं मूळ ध्वनिमुद्रण, बाई खोलीत शिरून माइक चालू झाल्यापासून तो बंद होईपर्यंतचं. ते चौपट जागा खात होतं. कापताना एखादा चांगला शब्द निसटला तर परत घेता यावा म्हणून मास्तर मूळ कधीच पुसत नसत.

"उद्या सकाळी सांगतो," म्हणून ते निघाले. पण वाटेतच त्यांचं ठरलं होतं. स्वच्छ तेवढं काढावं. वाचातज्ज्ञ बाईंना स्वच्छच तर हवंय. खात्रीचं सोडून मरणाऱ्या डिस्कच्या मागे तीन दिवस कोण लागणार?

बाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मास्तरांनी सगळं सांगितलं, पळणारीचं कौतुक केलं, संगणक कसा चटकन उठेल तेही सांगितलं. डॉक्टरांनी बाईंना बोलायची बंदी केली होती, अगदी लागलंच तर कुजबुजायचं. त्यांनी भाजी बाजूला सारली.

"पुस्तक वाचते ती मी नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. तो आवाज तर जगात गाजलेला. सपाट, स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा, वाचनालयानं घालून दिलेल्या नियमाप्रमाणे सुखदुःख कुठेही न सांडणारा. मास्तरांनी त्यावर अठरा वर्षं हात फिरवला होता. त्यांना तर मनातून वाटायचं की बायकोचं सगळ्यात सुंदर रूप कुठलं असेल तर तेच.

बाई एकेक शब्द सुटा करून कुजबुजत राहिल्या, आणि त्यांच्या कुजबुजण्याला धाप लागत होती. त्या आवाजात मी तुम्हाला हाक कशी मारू? त्या आवाजात भाजीवाल्याशी घासाघीस करू? लेकीला फोनवर रागवू? देवापुढे बसले तर देव म्हणेल, ही कोण परकी बाई आलीय पुस्तक घेऊन. माझं बोलणं तुम्ही कापलेल्यात आहे. ते आणा.

एवढं बोलून त्या खोकायला लागल्या आणि किती तरी वेळ खोकला थांबेना. मास्तर पाणी घेऊन उभे. त्यांच्या मनात एकच चाललं होतं, की हिच्याकडे आता मोजके शब्द उरलेत आणि त्यातले इतके हिनं माझ्यावर खर्च केले.

बुधवारी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते. मोठ्या पोटाची घेतली. दुकानवालीनं विचारलं, सगळं म्हणजे सगळंच ना? मास्तर म्हणाले, सगळंच. तिनं जुनी डिस्क एका बाजूला, नवी दुसऱ्या बाजूला लावली, मध्ये लहान पंखा ठेवला आणि काम सुरू केलं.

त्या दिवशी मास्तर तीनदा दुकानात गेले. पहिल्यांदा छत्री विसरल्याचं निमित्त, दुसऱ्यांदा छत्री सापडल्याचं सांगायला. तिसऱ्यांदा निमित्तही उरलं नाही. नुसते जाऊन स्टुलावर बसले. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मध्येच थांबायची. मग त्या म्हाताऱ्या डिस्कच्या पोटातून टिक टिक यायचं, मास्तरांचा श्वास अडकायचा, आणि ती पुन्हा निघायची. देव माणसाला कुठे कुठे हात जोडायला लावील याचा नेम नाही. मूर्तीपुढे तासभर बसूनही ज्याचं मन कधी लागलं नव्हतं, तो माणूस त्या लोखंडी डबीपुढे डोळे मिटून बसला होता, आणि ओठ हलत होते. दुकानवालीनं एका गिऱ्हाइकाला हळूच बोलायला सांगितलं.

गुरुवारी दुपारी मास्तर गेले तेव्हा ती खुशीत होती. म्हणाली, "काका, तोंड गोड करा. तीनशे बारा पुस्तकं आली. एकही फुटलं नाही."

मास्तरांना खरंच भरून आलं. मग त्यांनी विचारलं, बाकीचं किती झालं?

"बाकी काही नव्हतंच. कचरा होता तो मी शेवटी ठेवलाय. काल संध्याकाळपासून डिस्क फारच धापा टाकायला लागली. म्हटलं, हिच्यात जो काय दम आहे तो कामाच्या गोष्टींना लागू दे."

मास्तरांनी पडद्याशी वाकून राहिलेल्या फोल्डरांची यादी वाचली.

कचरा. कचरा एक, कचरा दोन, कचरा तीन, असे अठरा फोल्डर. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी मास्तर स्वतःच्या बोटांनी ते नाव टाइप करायचे. कापायच्या धंद्यातल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वच्छ ते वाचन, उरलं ते कचरा. 'सगळंच' म्हणून सांगताना त्यांच्या डोक्यात आलंच नाही की दुसरा माणूस ते नाव वाचील आणि त्यावर विश्वास ठेवील.

"मला तो कचराच हवा होता," ते म्हणाले.

 दुकानवालीला राग आला असता तर बरं झालं असतं, पण तिच्या तोंडावर राग नव्हता. "काका, कचऱ्याच्या नावाखाली कुणी जीव ठेवतं का?" ती म्हणाली.

मग तिनं जे करता येण्यासारखं होतं ते सांगितलं. डिस्क थंड करायची, थोडी चालवायची, पुन्हा थंड करायची. अठराच्या अठरा आता विसरा. एखादा फोल्डर निघाला तर निघाला. कुठला आधी घेऊ तेवढं उद्या दुपारपर्यंत सांगा, कारण दुसऱ्याची वेळ बहुधा येणार नाही. मोठ्या पोटाची ती नवी डिस्क शेजारी पडली होती, जवळजवळ सगळी रिकामी.

शुक्रवारी सकाळी बाई रुग्णालयात दाखल झाल्या. खिडकीशेजारची खाट, पांढरी चादर, उशाशी एक पाटी आणि खडू. मास्तरांनी पिशवीतून डबा काढला, टॉवेल काढला, चपला खाटेखाली सरळ लावल्या, पाण्याची बाटली डावीकडून उजवीकडे केली. बाई त्यांना बघत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना कळून चुकलं होतं की हा माणूस वस्तू सरळ करायला लागला की काहीतरी वाकडं झालेलं असतं.

शेवटी मास्तरांनी सांगितलं. सगळं सांगितलं, नावासकट. दुकानवालीची चूक नाही, माझीच, असंही म्हणाले.

 बाईंनी पाटीला हात लावला नाही. कुजबुजल्या.

"अठरा वर्षं ते नाव मी वाचत होते. तुमच्या टेबलाची धूळ पुसताना, पडद्यावर."

 तिनं कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आणि त्यांनाही कधी वाटलं नव्हतं की तिला काही वाटत असेल. पान उलटताना ती प्रार्थनेतली चाल गुणगुणायची, त्यांनी कापली. परिच्छेद संपला की त्यांच्याकडे बघून म्हणायची, हा नायक अगदी तुमच्यासारखा, मठ्ठ, ते कापलं. एकदा दुःखाच्या प्रसंगावर वाचता वाचता तिला हुंदका आला आणि ती "थांबा हं जरा" म्हणाली. तेही त्यांनी इतकं सफाईनं कापलं होतं की वाचनालयात त्या सांध्याचं कौतुक झालं.

"मला माफ कर" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. शब्द वाया घालवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी खुणेनं विचारलं, कुठला फोल्डर?

मास्तरांनी वाटेत विचार करून ठेवला होता. पहिला. पहिल्या वर्षी तुझा आवाज कोवळा होता, अगदी चांदीच्या घंटेसारखा. त्यांना तो मनात अजून ऐकू येत होता.

बाईंनी मान हलवली. पाटीवर आकडा लिहिला: ११.

अकरा. मास्तर चपापले. त्या वर्षी मागच्या खोलीचं छत गळायला लागलं म्हणून अकरा महिने ध्वनिमुद्रण स्वयंपाकघरात चाललं होतं. ब्लँकेटं कपाटाच्या दारांना बांधलेली, वाचता वाचता कुकर खाली उतरवायचा, मोरीत थेंब टपकायचे, आणि मास्तर दर दोन मिनिटांनी "पुन्हा घे, पुन्हा घे" करत बसायचे. त्या वर्षी दोघं जितके भांडले तितके बाकीच्या सगळ्या वर्षांत मिळून भांडले नसतील. त्या वर्षीचं मूळ ऐकायचं धैर्य मास्तरांना पुन्हा कधी झालं नव्हतं.

"अगं, तुझ्या आवाजाचं सगळ्यात वाईट वर्ष ते," ते म्हणाले. "नुसतं तारसप्तक."

"त्यात मी सगळ्यात जास्त बोललेय," बाई म्हणाल्या.

मास्तरांशी त्या तोंडानं बोलल्या ते हेच शेवटचं वाक्य ठरलं. तेव्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. त्यानंतर नर्सनं येऊन औषध दिलं, घशावर खुणा केल्या, आणि मास्तरांना बाहेर बसवलं. मास्तरांनी दुकानात फोन लावला आणि म्हणाले, अकरा नंबरचा घ्या. कचरा म्हणायला त्यांची जीभ वळेना.

शनिवारी सकाळी बाईंना आत नेलं. पाळण्यासारख्या कठड्यांच्या त्या खाटेवरून त्यांनी एकदा हात हलवला, इतकंच. दार बंद झालं आणि त्यावरचा दिवा लागला. मास्तर बाकावर बसले. एका बाजूला तो दिवा, दुसऱ्या बाजूला हातातला मुका फोन, आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ. त्यांनी देवाला आळवायचा प्रयत्न केला, पण काय मागावं? आधी बायकोचा जीव मागितला. मग वाटलं, डिस्कचाही मागावा. मग लाज वाटली, की एकाच वेळी दोन मागणं म्हणजे देवाशी घासाघीस. मग वाटलं, ती असती तर बिनधास्त केली असती घासाघीस. आणि त्यांनी दोन्ही मागितलं.

दुपारी एक वाजता डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. मास्तरांनी त्यांचे हात धरले आणि सोडायचं विसरले.

तीन वाजून वीस मिनिटांनी दुकानवालीचा फोन आला.  ती म्हणाली, "काका, दोन तास दहा मिनिटं निघाली अकरामधली. मग तिनं मान टाकली. आता ती फिरतच नाही." पाठवू का, असं तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, जसं आहे तसं पाठव. हात लावू नकोस.

चार वाजता ते वाचातज्ज्ञ बाईंच्या खोलीत होते. तिच्याकडे दोन्ही पोचलं होतं: पुस्तकांतले निवडक वीस तास आणि स्वयंपाकघरातले दोन तास दहा मिनिटं. तिनं आधी पुस्तक लावलं. रेशमासारखा आवाज खोलीभर पसरला. ती म्हणाली, असं ध्वनिमुद्रण मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही, यातून बनलेला आवाज कुठेही अडखळणार नाही. मग तिनं दुसरं लावलं.

कुकरचं झाकण आपटलं. मागून मास्तरांचा आवाज आला, वैतागलेला: "पुन्हा घे." आणि मग बाई. भरभर, शब्दांची शेपटं गिळत, वर चढत. पुन्हा घे पुन्हा घे काय लावलंय, भात करपला तर तोही पुन्हा घ्यायचा का, तुमचे ते श्रोते परवडले हो, ते निदान ऐकतात तरी. आणि वाक्याच्या शेवटी, राग पुरता संपायच्या आतच, तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू फुटलेलं.

मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला.

वाचातज्ज्ञ बाईंनी आवाज थांबवला. तिला घाई होती, पण तिनं घाई केली नाही. म्हणाली, यातून आवाज बनेल, मात्र खरखरीत बनेल. काही अक्षरांवर फाटेल, काही शब्द चमत्कारिक येतील, आणि एकदा बनला की तोच. यादीत जागा एकच आहे. मास्तरांनी विचारलं, दोन्ही मिसळता येणार नाहीत का? ती म्हणाली, वीस तासांच्या पुस्तकात हे दोन तास बुडून जातील. ऐकू येईल ते पुस्तकच.

"त्यांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

पण बाई शुद्धीवर नव्हत्या, आणि घड्याळात साडेचार झाले होते. बाईंनी खरा आवाज मागितला होता हे खरं. पण फाटका मागितला नव्हता. दुकानात भाव विचारताना शब्द अडकला, यंत्र भलतंच किरकिरलं, माणसं वळून बघायला लागली, तर? ज्या बाईच्या आवाजावर लोकांनी आजारपणं काढली, तिच्या तोंडी तुटका आवाज देणारा नवराच ना? पुन्हा तिच्या बोलण्यावर मीच कात्री चालवतोय, असं मास्तरांना वाटलं, आणि या वेळी मूळ जपून ठेवायची सोयही नव्हती. त्यांनी पेन घेतलं. समोरच्या कागदावर दोन चौकटी होत्या, एक पुस्तकाची, एक स्वयंपाकघराची. पुस्तकाची चौकट त्यांनी फुली मारून खोडली आणि दुसरीखाली सही केली. यादी बंद व्हायला अजून वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं मास्तर त्या कागदाकडे बघत तिथेच बसून राहिले, आणि वाचातज्ज्ञ बाईंनी त्यांना उठा म्हटलं नाही.

रविवारी संध्याकाळी त्यांना आत सोडलं. बाईंच्या गळ्याला पट्टी, मध्ये एक नळी, आणि त्या नळीतून श्वास जायचा-यायचा तेवढाच आवाज. मास्तरांच्या कानांना तो सहन होईना. अठरा वर्षं जो श्वास शोधून शोधून कापला, तोच तेवढा आता उरला होता. बाईंनी डोळे उघडले, त्यांना बघितलं, आणि बोटांनी पाटी मागितली.

खडू नीट धरवत नव्हता. अक्षरं उतरती आली. 'किती मिळालं?'

मास्तरांना तोंडानं सांगता आलं असतं. पण तिच्यापुढे बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी पाटी घेतली, पुसली, आणि खाली लिहिलं, 'अकरामधले दोन तास दहा मिनिटं. तेच दिलं. खरखरीत येईल म्हणाल्या. तुला न विचारता दिलं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. नळीतला श्वास जरा थांबला, पुन्हा सुरू झाला. मास्तर खाटेचा कठडा घट्ट धरून उभे होते. बाईंनी पाटी ओढून घेतली.

'त्यात तुम्ही किती?'

मास्तरांनी खडू हातात घेतला आणि खरं तेच लिहिलं.

'निम्मा.'

बाईंचे डोळे बारीक झाले. मग खांदे हलायला लागले. तोंड उघडलं, गाल वर गेले, पोट हललं, आणि कसलाही आवाज आला नाही. नळी तेवढी सूं सूं करून भराभर वाजायला लागली. मास्तर घाबरून नर्सला हाक मारायला वळले, तर बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला आणि तशाच हसत राहिल्या. नर्स धावत आली. तिला वाटलं, पेशंटला धाप लागलीय.

"काही नाही हो," मास्तर म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "हसतेय ती."